सोरायसिस : भीती नको, भूलही नको

हळदीकुंकवाला, बारशाला, लग्नाच्या पंगतीला तुम्ही अशी एखादी बाई नक्की पाहिली असेल. भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलेला. कुंकू लावून घेते, पण अत्तरासाठी हात पुढे करायची वेळ आली की मागे सरते. आपण मनात म्हणतो, काय बाई शिष्ट आहे! शिष्ट नसते हो ती बिचारी. तिच्या हातांवर, कोपरांवर लालसर चट्टे असतात, त्यांवर पांढरे खवले असतात, आणि ते कुणी पाहिले तर काय म्हणेल या धास्तीनं ती निम्मी झालेली असते.

त्या चट्ट्यांचं नाव सोरायसिस. नाव परकं वाटतं, पण दुखणं काही परकं नाही. आपल्या देशात हजार माणसांमागे चारपासून अठ्ठावीसपर्यंत लोकांना हा त्रास असावा, असे निरनिराळे अंदाज आहेत. म्हणजे पन्नास हजार वस्तीच्या तुमच्या-माझ्या गावात कमीत कमी दोनशे माणसं तरी झाली. मग ती दिसत का नाहीत? दिसू देत नाहीत म्हणून. आणि दडवण्याची ही गरजच त्यांना कुठल्या कुठल्या दारांत नेऊन उभी करते, ते मी आमच्या घरातच पाहिलं आहे. ते पुढं सांगतेच.

सोरायसिस ओळखायचा कसा?

विशी-तिशीत किंवा पन्नाशीनंतर हा बहुधा प्रथम डोकं वर काढतो, पण तसा कोणत्याही वयात येऊ शकतो. कोपर, गुडघे, कमरेचा मागचा भाग आणि डोकं ही त्याची आवडती ठिकाणं. चट्टा लाल, कडा स्पष्ट, आणि वर चंदेरी पापुद्रे. आपल्या सावळ्या कातडीवर तो लालपेक्षा जांभळट-तपकिरीही दिसतो. पापुद्रा खरवडला तर खाली रक्ताचे टाचणीच्या टोकाएवढे थेंब दिसतात. (हे कुणी करून बघू नका. का, ते पुढं येईलच.) कित्येकींच्या नखांवर बारीक बारीक खळ्या पडतात, शिवणकामाच्या अंगुस्तानावर असतात ना, अगदी तशा.

गजकर्ण, नायटा म्हणतो तो वेगळा. तो बुरशीनं होतो, कडेनं पसरत जातो, मध्ये निवळतो आणि एकाचा टॉवेल दुसऱ्यानं वापरला तर लागतो. इसब बहुधा ओलसर असतो, पाणी सुटतं. कोडात कातडी पांढरी होते, पण खवले नसतात. कुष्ठरोगाच्या चट्ट्याला बहुधा बधिरपणा असतो. आणि तो रोगही आता औषधांनी पूर्ण बरा होतो, हे जाता जाता सांगून ठेवते. डोक्यातला सोरायसिस आणि साधा कोंडा यांत मात्र भल्याभल्यांची गफलत होते. कोंडा केसांत भुरभुरतो. सोरायसिसचे पापुद्रे जाड असतात आणि कपाळावर, कानामागे केसांच्या रेषेबाहेर येऊन थबकतात.

शब्दांनीही घोटाळा केला आहे बरं का. आयुर्वेदात ‘कुष्ठ’ हा शब्द एका रोगापुरता नाही. सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं सांगितली आहेत आणि त्यांत कातडीचे बहुतेक विकार येऊन जातात. सोरायसिसशी मिळतंजुळतं वर्णन एककुष्ठ या प्रकारात आहे. माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे, असं. पण वैद्यांच्या चिठ्ठीवरचा ‘कुष्ठ’ शब्द घरी पोचेपर्यंत काय रूप घेतो, ते सांगायला नको! आणि हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. युरोपात शतकानुशतकं हे दोन रोग एकाच नावानं हिंडत होते. १८४१ साली व्हिएन्नाच्या फेर्डिनांड हेब्रा यांनी सोरायसिसला कुष्ठरोगापासून स्पष्टपणे वेगळं काढलं.

लागतो का हो?

नाही. शेजारी बसून नाही, एका ताटात जेवून नाही, कपडे एकत्र धुऊन नाही, पापुद्रे अंगावर पडून नाही, नवराबायकोच्या सहवासानं नाही. सोरायसिसमध्ये जंतू नाही, मग लागणार काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या महासभेनं २०१४ साली ठराव करून तो संसर्ग न होणारा, दीर्घकाळ चालणारा आणि वेदना देणारा विकार असल्याचं नमूद केलं. दरवर्षी २९ ऑक्टोबर हा दिवस जगभर सोरायसिसचा म्हणून पाळतात, तोही याच गैरसमजापायी.

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. पाचवीतल्या एका मुलीला घसा दुखून ताप येऊन गेला आणि पंधरवड्यानं पोटावर, पाठीवर पाण्याचे थेंब उडावेत तसे बारीक खवलेदार ठिपके उठले. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या मुलीच्या आईची चिठ्ठी आली, ‘बाक बदलून द्यावा.’ बाक बदलला नाही. शाळेनं डॉक्टरांचा दाखला मागवला. सोरायसिसचाच हा थेंबासारखा प्रकार. मुलांना घशाच्या जंतुसंसर्गानंतर तो होतो आणि पुष्कळदा काही महिन्यांत आपण होऊन निवळतो. त्या मुलीचा निवळला. शेजारणीला अर्थातच काही झालं नाही.

कातडीची घाई

आपली कातडी सतत नवी होत असते. खालच्या थरात नवी पेशी जन्मते, हळूहळू वर सरकते आणि साधारण महिन्याभरानं नकळत गळून पडते. सोरायसिसमध्ये हाच प्रवास तीन-चार दिवसांत उरकतो. तव्यावरची पोळी भाजून व्हायच्या आतच दुसरी, तिसरी, चौथी लाटून तयार असावी, तसं होतं. मग अर्ध्याकच्च्या पेशींचे थरावर थर साचतात. तेच खवले.

ही घाई कोण करतं? आपल्याच शरीरातलं संरक्षक दल. जंतू आला की धावून जायचं हे त्याचं काम. इथं ते शत्रू नसतानाच कातडीवर तुटून पडतं. ही प्रवृत्ती काही अंशी वंशातून येते. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता ढोबळमानानं दहात एक. म्हणजे दहांतल्या नऊ मुलांना होत नाही, हेही त्याच हिशेबात आलं. नुसती प्रवृत्ती असून भागत नाही, वर काहीतरी ठिणगी पडावी लागते. घशाचा जंतुसंसर्ग, मनावरचा ताण, दारू, धूम्रपान, वाढलेलं वजन, थंडीतली कोरडी हवा. काही औषधंही: रक्तदाबावरची काही, मनोविकारावरचं लिथियम, हिवतापावरचं क्लोरोक्विन. (म्हणून ती औषधं परस्पर बंद करायची नाहीत हं, डॉक्टरांच्या कानावर घालायचं.)

गरोदरपणात पुष्कळ बायकांचे चट्टे आपोआप फिके होतात आणि बाळंतपणानंतर पुन्हा उठतात. सासरी लगेच निदान तयार असतं, ‘माहेरी काय खाल्लं कोण जाणे!’ डिंकाचे लाडू यात अगदी निर्दोष आहेत.

आणि हा विकार कातडीपुरता राहतोच असं नाही. सोरायसिस असलेल्यांपैकी बऱ्याच जणांना, काही पाहण्यांत तर जवळजवळ तिसऱ्या हिश्शाला, सांधेदुखी जडते. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली, एखादं बोट सुजून गाजरासारखं झालेलं, टाच धरलेली. ‘वात आहे, वय झालं’ म्हणून तेल चोळत बसू नये. सांधा एकदा झिजला की तो परत मिळत नाही. त्या बाबतीत वेळेवर डॉक्टर हाच उपाय, दुसरा नाही.

वन्संच्या पुड्या

आता आमच्या वन्संची हकीकत. वन्सं माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. चाळिशीच्या आसपास त्यांच्या कोपरांवर चट्टे आले, मग हातांवर, मग पायांवर. दोन वर्षं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजच उरली नाही, दिसायलाच लागलं. सासूबाईंनी तांब्या-भांडं वेगळं केलं. पण वन्संना जे सर्वांत लागलं ते वेगळंच. त्यांच्या गल्लीत दर चैत्रात आळीपाळीनं एकेकीकडे पापड लाटायला सगळ्या जमतात. वन्संचा हात त्यात मोठा हलका, त्यांच्या पापडाची तारीफ व्हायची. एका वर्षी त्यांना बोलावणंच आलं नाही. कुणी भांडलं नाही, बोललं नाही. फक्त बोलावणं आलं नाही.

त्याच पावसाळ्यात त्या कुणाच्या तरी सांगण्यावरून दुसऱ्या तालुक्यातल्या एका औषध देणाऱ्याकडे गेल्या. ‘संपूर्ण नैसर्गिक, मुळापासून जाणार’ असा त्याचा दावा. पांढऱ्या पुड्या, दिवसातून दोनदा, मधातून. आठ दिवसांत चट्टे विरघळायला लागले. महिन्याभरात कातडी लख्ख. ‘अगं वहिनी, बघ तरी!’ म्हणून दंड पुढे केले. आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता, आणि चेहराही चांगला गोल झाला होता. मी विचारलं, ‘वन्सं, पुडीवर नाव का नाही?’ तर म्हणाल्या, ‘ते त्यांचं गुपित आहे.’ भूक वाढली होती, वजन वाढलं होतं. सगळ्यांना वाटलं, औषध मानवलं.

चार महिन्यांनी पुड्या संपल्या आणि औषधवाला गावाला गेलेला. पंधरा दिवसांच्या आत वन्संचं सगळं अंग, अक्षरशः डोक्यापासून पायापर्यंत, लालबुंद झालं. अंथरूण झाडलं की मूठभर पापुद्रे निघत. भर दुपारी त्या दोन गोधड्या घेऊन कुडकुडत. पाय सुजले. रुग्णालयात एकोणीस दिवस काढले. डॉक्टरांनी गोल चेहरा, भूक आणि ‘आठ दिवसांत गुण’ एवढं ऐकूनच मान हलवली. म्हणाले, पुडीत बहुधा स्टिरॉइड होतं.

स्टिरॉइड हे औषध वाईट नव्हे. कित्येक जीव त्यानं वाचतात, आणि सोरायसिससाठी त्याची मलमं डॉक्टर स्वतःच देतात, मोजून. पण पोटातून दिलं तर चट्टे झपाट्यानं जातात आणि एकदम बंद केलं की दुप्पट जोमानं उसळतात, कधी सगळ्या अंगाला, कधी पुवाच्या बारीक फोडांच्या रूपानं. अशा वेळी कातडीचं काम बंद पडतं, शरीरातली ऊब आणि पाणी निघून जातं. जिवावर बेतू शकतं. म्हणून नाव नसलेली पुडी, नाव नसलेली गोळी घरात येऊ देऊ नका, ती कितीही ‘झाडपाल्याची’ असो. आजकाल हे पुडीवाले मोबाईलवरही येतात, सात दिवसांच्या हमीसह, आधीचे-नंतरचे फोटो दाखवत. सोरायसिस मुळापासून काढणारं औषध जगात अजून कुणाकडेही नाही. जो ‘आहे’ म्हणतो, त्याच्याकडून उठून यावं. आणि अशी पुडी कुणी आधीच घेत असेल, तर तीसुद्धा एकदम थांबवू नये. पुडी पदराला बांधून तडक त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं.

मग घरात काय करायचं?

पुष्कळ करता येतं. फक्त एवढं लक्षात ठेवायचं, की घरच्या उपायानं खाज, कोरडेपणा, भेगा, पापुद्रे कमी होतात. रोग आटोक्यात राहायला मदत होते. तो जात नाही.

पहिला मान तेलाचा. आपण तेल लावतो ते आंघोळीच्या आधी, आणि मग साबणानं खसाखसा धुऊन टाकतो. इथं उलटं करायचं. आंघोळ कोमट पाण्याची, म्हणजे विसण अंमळ जास्तच घालायचं. कढत पाणी क्षणभर खाजेला बरं वाटतं आणि नंतर कातडी आणखी कोरडी करतं. दहा मिनिटांत आंघोळ उरकावी, साबण सौम्य आणि फक्त गरजेच्या जागी. अंग टॉवेलनं टिपावं, घासू नये. आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, खोबरेल किंवा साधं व्हॅसलीन लावावं, म्हणजे आतला ओलावा आतच राहतो. झोपताना पुन्हा एकदा. महागड्या मलमांपेक्षा रोज दोनदा न चुकता लावलेलं साधं खोबरेल अधिक काम करतं, असं माझं वन्संना पाहून झालेलं मत आहे. मोहरीचं तेल मात्र नको, ते चरचरतं.

दिवाळीचं अभ्यंग सोरायसिसवाल्यांना उत्तम, थंडी सुरू होतानाच येतं. पण उटणं नको! उटण्यानं, काथ्यानं, वजरीनं घासून खवले काढायचा मोह होतो. सोरायसिसची एक खोड अशी, की जिथं कातडीला इजा होते तिथं काही दिवसांनी नवा चट्टा उठतो. ओरखडा, भाजणं, मेण लावून केस उपटणं, गोंदवणं, इतकंच काय परकराची घट्ट नाडी. कमरेभोवती नाडीच्याच रेषेत चट्टे आलेल्या बायका डॉक्टरांना पाहायला मिळतात. दोरीसारखी नाडी काढून रुंद सुती पट्टा लावून घ्या, दहा मिनिटांचं शिवणकाम आहे. गुडघ्यांवर बसून फरशी पुसत असाल तर खाली जाड पोतं घ्या, किंवा सरळ दांडीचं फडकं आणा. भांडी घासताना हातमोजे, आत सुती आणि वर रबरी.

डोक्यासाठी रात्री कोमट खोबरेल भांगाभांगांतून जिरवावं, जुनं फडकं बांधून झोपावं. सकाळी मऊ झालेले पापुद्रे बोटांनी अलगद सोडवावेत, बारीक फणीनं ओरबाडू नयेत. मग केस धुवावेत. औषधांच्या दुकानात डांबराचा अंश असलेला शाम्पू मिळतो, तो बऱ्याच जणींना उपयोगी पडतो. दगडी कोळशाचं डांबर हे या रोगावरचं जुनं आणि कसाला उतरलेलं औषध आहे. १९२५ साली अमेरिकेत डॉक्टर गोकरमन यांनी डांबर आणि अतिनील किरण यांची जोडी जमवली, ती पद्धत आजही मोडीत निघालेली नाही. वास येतो, हे कबूल.

कोरफडीचा गर ताजा काढून लावला तर थंड वाटतं, खाज शमते. तिच्यावर प्रयोग झाले आहेत, पण एकात गुण दिसला तर दुसऱ्यात दिसला नाही. तेव्हा लावा, पण फार आशा ठेवू नका. पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी निथळून जाऊ द्यावा, त्यानं काहींना आग होते. कडुलिंबाचा पाला घातलेलं पाणी तसंच, खाजेला बरं. हळद लेपापेक्षा आमटीतच बरी, कपडे तेवढे पिवळे होतात. कुठलाही नवा लेप आधी हाताच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी लावून दोन दिवस वाट पाहावी. लिंबू, व्हिनेगर, रॉकेल असलं काही भेगाळलेल्या कातडीवर कोण सुचवतं कोण जाणे! अजिबात नको.

तमिळनाडूतले सिद्ध वैद्य काळ्या कुड्याची पानं खोबरेलात घालून उन्हात ठेवून सोरायसिसवर एक तेल करतात. ते जाणकाराकडूनच घ्यावं, रानातला पाला ओळखण्यात चूक होते. बावचीच्या बियांचं तेल मात्र घरी कधीही लावून उन्हात बसू नका. बावचीत सोरालेन असतं. ते आणि मोजून दिलेले अतिनील किरण यांचा एकत्र उपचार १९७४ पासून रुग्णालयांत होऊ लागला, पण तिथं सेकंद मोजतात. घरी केलं तर पोळल्यासारखे फोड येतात.

औषधाच्या प्रवासाची एक गंमत सांगते. एकोणिसाव्या शतकात गोव्यात आणि मुंबईत नायट्यावर ‘गोवा पावडर’ म्हणून एक पिवळट भुकटी विकली जाई. ती मुळात ब्राझीलच्या बाहिया प्रांतातल्या झाडाच्या गाभ्यातली, पोर्तुगीजांच्या गलबतांतून इकडे आलेली. १८७० नंतरच्या दशकात लंडनचे डॉक्टर बाल्मानो स्क्वायर यांनी ती सोरायसिसवर वापरली आणि गुण आला. पुढं पहिल्या महायुद्धात आवक बंद पडली, तेव्हा जर्मनांनी १९१६ साली तिच्यासारखंच डिथ्रॅनॉल हे औषध प्रयोगशाळेत बनवलं. म्हणजे झाडपाल्यातूनही खरं औषध निघतं. पण किती, कुठं, किती वेळ, हे ठरल्यावरच ते औषध होतं. तीच गोवा पावडर डोळ्यांत गेली तर डोळे जाळायची.

ऊन आणि मीठ

उन्हानं सोरायसिसला उतार पडतो. अंगणात किंवा गच्चीवर सकाळी नवाच्या सुमाराला चट्ट्यांवर ऊन घ्यावं, पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं, मग हळूहळू पंधरापर्यंत. चेहरा झाकून. कातडी लाल होऊन चुरचुरली तर जास्त झालं समजा. पोळणं हीदेखील इजाच. काहींचा सोरायसिस उन्हानं उलट वाढतो, त्यांनी हा नाद सोडावा. आणि काही औषधांनी कातडी उन्हाला हळवी होते, म्हणून चालू औषधं डॉक्टरांना दाखवून मगच. दवाखान्यात याच तत्त्वावर प्रकाशाच्या पेटीत उभं करून मोजके किरण देतात. वन्संना खरा गुण आला तो त्यानं.

इस्राएल-जॉर्डनच्या सीमेवर मृत समुद्र आहे, समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून अधिक खाली. तिथलं दाट खारं पाणी आणि हवेच्या जादा थरातून गाळून आलेलं ऊन, यासाठी जगभरचे सोरायसिसचे रोगी तिथं जाऊन राहतात. आपण एवढ्या लांब कुठं जाणार! बादलीभर कोमट पाण्यात दोन मुठी जाडं मीठ विरघळवून त्यानं अंग शेकलं तर पापुद्रे सैल होतात. भेगा असतील तेव्हा करू नये, झोंबतं. आणि लगेच तेल.

जिभेवर राग नको

वांगं बंद, टोमॅटो बंद, दही बंद, मासे बंद, मीठ बंद. वन्संच्या ताटात एके काळी भात आणि मूगडाळ एवढंच उरलं होतं. ठरावीक एका पदार्थानं सगळ्यांचा सोरायसिस वाढतो, असं सिद्ध झालेलं नाही. तुम्हाला स्वतःला एखादा पदार्थ खरोखर बाधतो असं चारदा अनुभवाला आलं, तर तो टाळा. वजन जास्त असेल तर ते उतरवल्यानं मात्र चट्ट्यांनाही उतार पडतो आणि औषधंही जास्त लागू पडतात, याला पुरावा आहे. या रोगात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची शक्यता वाढते, त्यासाठीही ते बरं. वजन उतरवायचं ते उपासाला साबुदाण्याची खिचडी खाऊन नव्हे, हे तुम्हाला मी काय सांगू. घरातल्या पुरुषाला सोरायसिस असेल तर दारू आणि विडी-सिगारेट आधी सुटली पाहिजे, मग पथ्याच्या गप्पा.

मनाचंही सांगायचं तर १९९८ साली अमेरिकेत जॉन कबात-झिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सदतीस रुग्णांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांना प्रकाशाचे उपचार सुरू होते. त्यांतल्या काहींना उपचारांच्या वेळी मन शांत करणाऱ्या ध्वनिफिती ऐकवल्या, त्यांचे चट्टे इतरांपेक्षा बरेच लवकर निवळले. प्रयोग लहान होता. पण रोज पंधरा मिनिटं दार लोटून स्वस्थ बसायला पैसे पडत नाहीत, पडते ती घरच्यांची परवानगी!

डॉक्टरांकडे जाताना

त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, नुसत्या दुकानदाराकडे नव्हे. गजकर्णावरचं म्हणून दुकानदार देतो त्या मलमांत बहुधा तेच स्टिरॉइड असतं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो, तिथं खर्च झेपण्यासारखा असतो. जाताना पूर्वी घेतलेल्या सगळ्या औषधांची, पुड्यांसकट, यादी न्या. सांधे दुखतात का, ते विचारायची वाट न पाहता सांगा.

मेथोट्रेक्सेट नावाची गोळी दिली तर एक गोष्ट काळजावर कोरून ठेवा. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नव्हे. रोज घेतल्यानं जीव गेल्याची उदाहरणं आहेत. घरात औषधं देणारी बहुधा आपणच असतो, तेव्हा दिनदर्शिकेवर तो वार लाल रंगानं खुणेनं ठेवा. आणि दिवस राहण्याची शक्यता असेल, मूल हवं असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगायला लाजू नका. ही गोळी आणि या रोगावरची आणखी एक-दोन औषधं गर्भाला घातक आहेत. अलीकडं महागडी इंजेक्शनंही निघाली आहेत, पुष्कळांना त्यांचा फार चांगला उपयोग होतो. घ्यावी की नाही, हे रोगाची तीव्रता पाहून ठरतं.

मुलीच्या लग्नाचं काय, हा प्रश्न मला हमखास विचारतात. माझं मत ऐकायचं असेल तर सांगते. आधी सांगावं. पत्रिका जुळवण्याच्याही आधी, मुलीनं स्वतः, साध्या शब्दांत: हा लागत नाही, मूल व्हायला अडचण नाही, आयुष्यभर तेल-औषध लागेल. काही स्थळं जातील. जी दडवून जुळली असती ती पहिल्याच थंडीत काय करतील, याचा विचार करा. वन्संच्या धाकट्या पुतणीनं असंच सांगितलं. दोन ठिकाणांहून निरोप आला नाही, तिसऱ्यानं विचारलं, ‘तेल कोणतं लावता?’ त्याच्या आईलाही होता!

आता दोन घरगुती गोष्टी. तेल-व्हॅसलीन रोज लावायचं म्हटलं की चादरी-अभ्रे खराब होतात. सोरायसिस असलेल्यासाठी दोन जुन्या मऊ सुती चादरी राखून ठेवाव्यात, फिक्या रंगाच्या, म्हणजे पापुद्रेही उठून दिसत नाहीत. तेलकट डागावर आधी भांड्यांचा साबण कोरडाच चोळावा, मग गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून अर्धा तास कपडा भिजवावा आणि नेहमीसारखा धुवावा. डिथ्रॅनॉलचे जांभळट डाग मात्र कशानंही जात नाहीत, तेव्हा ते लावाल त्या दिवशी सर्वांत जुनं लुगडं नेसा. आणि तेलानं, व्हॅसलीननं माखलेलं कापड ठिणगी पडताच भडकन पेटतं. म्हणून सकाळी तेल लावल्यावर लगेच गॅससमोर उभ्या राहू नका. ते जिरू द्या, कपडे बदला, पदर खोचून घ्या, आणि मग चहाचं आधण ठेवा.